पोटात गेलेली पुरणपोळी

पुरणपोळीचे पचन तोंडातच सुरू होते. निदान निसर्गाने तशी सोय केलेली आहे. लाळेतले अमायलेझ कणकेतला स्टार्च तोडू लागते, पण तुपाने निथळणारी पोळी तोंडात थांबते कुठे? घास बत्तीस वेळा चावावा असे बजावणारे वडीलधारेही तिसऱ्या पोळीला हा नियम पाळताना दिसत नाहीत. पुढे अन्ननलिकेचे स्नायू लाटा काढत घास खाली ढकलतात.

जठर रिकामे असताना जेमतेम मुठीएवढे असते आणि पंगतीत लिटर-दीड लिटरपर्यंत ताणते. आग्रह करणाऱ्यांना शरीरशास्त्राचा एवढा पाठिंबा पुरतो. तिथले तीव्र आम्ल आणि पेप्सिन डाळीतली प्रथिने फोडू लागतात. तूप मात्र घाई होऊ देत नाही. ते लहान आतड्यात पोचताच कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते. ते जठराला दमाने घ्यायला लावते आणि पित्ताशयाकडून पित्त सोडवून घेते. त्यामुळे चारचा चहा येतो तेव्हा पोळीचा बराचसा ऐवज अजून जठरातच असतो.

खरा कारभार लहान आतड्याचा. पित्त तुपाचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस आम्ल शमवून स्टार्च, प्रथिने आणि तूप तिन्ही निकालात काढतो. गुळातल्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. गूळ सेंद्रिय होता की नुसती साखरच ढकलली होती, हे ओळखण्याइतके आतडे चोखंदळ नाही. रसांकुरांनी शोषलेली साखर आणि अमिनो आम्ले रीतसर यकृताकडे जातात. तुपाचा बहुतेक अंश मात्र यकृताला वळसा घालून लसिकावाहिन्यांतून परस्पर रक्तात शिरतो.

उरते हरभऱ्याची डाळ. तिच्यातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नाहीच. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या बाबतीत मिथेनही, तयार करतात. डाळ शिजताना या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरतो, आणि पुरणासाठी ते पाणी काढूनही टाकतात. त्याला कट म्हणतात. मग त्याचीच झणझणीत आमटी करून वाटीवाटीने ओरपली जाते.

मोठे आतडे उरलेसुरले पाणी शोषते आणि शिल्लक चोथा एक ते तीन दिवसांत बाहेर पडतो. तोवर घरातल्या शिळ्या पोळ्याही दुधाबरोबर संपलेल्या असतात.