चादरीआडचा संगणक

घरच्या संगणकाच्या रक्षणाची जी व्यवस्था सोलापुरात उभी राहिली आहे, तिची सरकारदरबारी नोंद व्हायला हवी. बाहेरचा थर भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीचा. तिच्यातून धूळ जात नाही, तिथे व्हायरसची काय कथा? खंडेनवमीला सीपीयूला हळदकुंकू. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर, पाहुण्यारावळ्यांची अडचण नको.

अँटिव्हायरस विकत घेणे म्हणजे मात्र उधळपट्टी. काटकर बंधूंनी पुण्यात क्विक हील उभी केली याचा अभिमान आहेच. अभिमानाला पैसे पडत नाहीत, परवान्याला पडतात. म्हणून भाचा पेन ड्राइव्हवरून क्रॅक आणतो. त्याची पहिलीच सूचना: ‘आधी चालू असलेले संरक्षण बंद करा.’ इतका पारदर्शक कारभार हल्ली कुठे दिसतो? पुढची पायरी म्हणून बँकेचा पिनही त्यातच विचारून घ्यावा, उगाच हेलपाटे नकोत.

अपडेटचे म्हणाल तर ‘नंतर आठवण करा’ हे बटण झिजले आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा उपाय मार्चपासून तयार होता. म्हणजे ‘नंतर’ म्हणणारे जगभर आहेत. सोलापूर मागे नाही.

परवा एका घरातल्या फायली अशाच अडकल्या. खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली होती. भाचा आला, त्याने सरळ फॉरमॅट मारला. खंडणीखोराला दमडी मिळाली नाही! लग्नाचे फोटो गेले, पण मशीन काय पळतंय आता. तोच पेन ड्राइव्ह पुन्हा लावून दिलाय त्याने.