घडीचे शास्त्र

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलंगणातून येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, चादरवाल्याच्या घरी जन्मलेल्या मुलाला अक्षरांच्या आधी घडी शिकवली जाते, आणि मोठी चादर एकट्याला आवरत नसल्याने तिची दोन टोके धरून वडिलांसमोर उभे राहणे हा त्याचा वडिलांशी पहिला समोरासमोरचा व्यवहार ठरतो. गिऱ्हाईक बारा चादरी उलगडून पाहते, ‘घरी विचारून येतो’ म्हणून निघून जाते, आणि त्या बाराही चादरींच्या कडा जुळवताना राग गिळण्याची जी विद्या अंगी मुरते, ती पुढे सरकारी कचेरीतल्या रांगेत जन्मभर पुरते.

हे सारे कायद्यात बसते. बालकामगार कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, घरच्या बिनधोक धंद्याला हातभार लावण्याची मुभा मुलांना ठेवली आहे. मात्र थंडी हाच चादरीचा हंगाम आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही ऐन संक्रांतीची, यावर कायदा काही बोलत नाही, त्यामुळे आकाशपाळण्यात बसायला निघालेले मूल गल्ल्यावर बसते.

इतिहास मात्र सोयीने शिकवला जातो. जेकार्ड म्हणजे मागावर बसवलेले असे यंत्र, ज्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि भोक कुठे आहे त्यावरून ताण्यातले, म्हणजे उभे, कोणते धागे उचलायचे हे ठरून नक्षी उमटते. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोझेफ मारी जाकार याने ते 1804 च्या सुमारास सिद्ध केले, आणि संगणकाला भोकांच्या कार्डांवरून सूचना देण्याची कल्पना पुढे त्यातूनच निघाली, ही माहिती मुलाने लॅपटॉप मागितला की त्याच दिवशी पुरवली जाते. आजोबा घरात असताना नातू विकत कशाला आणायचा?

सर्वांत अवघड विषय भाषेचा. शेवटचा भाव, म्हणजे ज्याच्या खाली तोटा सुरू होतो असे निदान सांगितले तरी जाते तो आकडा, वडील मुलाला हळूच तेलुगूत सांगतात, कारण घरच्या भाषेत गुपित सुरक्षित राहते अशी त्यांची समजूत असते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत कानावर पडणाऱ्या शहरात ही समजूत पिढ्यानुपिढ्या कशी टिकली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होय. तोवर मराठीत बोलणारे गिऱ्हाईक तो आकडा शांतपणे ऐकून घेते, अस्खलित तेलुगूत त्याच्याही खालून घासाघीस सुरू करते, आणि मूल उरलेल्या अकरा चादरींची टोके शोधू लागते.