वेलनेस विभागास, सप्रेम मनगट

प्रति,
माननीय वेलनेस विभाग,
आउटर रिंग रोड, बेंगळुरू



आपण पाठवलेला स्पंजचा चेंडू मिळाला. कंपनीच्या लोगोखाली ‘तुमच्या मनगटांची आम्हाला काळजी आहे’ असं छापलंय. छपाई सुबक आहे.

मी मागितला होता वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉपखाली ठेवायला स्टँड. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यांशी जातात, हात कोपरांच्या पातळीला ठेवावेत तर मान खाली. हा प्रश्न चेंडू दाबून सुटत नाही.

अर्जाच्या पोर्टलने कळवलं, ‘निदानाचं प्रमाणपत्र जोडा.’ म्हणजे दुखणं टाळायचं साधन हवं असेल तर आधी दुखणं सिद्ध करा. दाराला कुलूप मागणाऱ्याला आधी चोरीची एफआयआर आणायला सांगतात का हो? तरी डॉक्टरांकडे गेलो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होतात, हात झटकत उठावं लागतं. मनगटातल्या नसेची तपासणी झाली. ‘नॉर्मल आहे, आत्ताच सांभाळा,’ डॉक्टर खुशीत म्हणाले. त्याच ‘नॉर्मल’वर पोर्टलने अर्ज फेटाळला.

हे दुखणं काही आजचं नाही.

इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक काढलं. कारकुनांच्या दुखण्याची कारणं त्याने त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लिहून ठेवली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. तेव्हा टाक-दौत होती, बाकी आमचा मजला जसाच्या तसा. पडद्यासमोरच्या कामात अधूनमधून विश्रांती किंवा कामात बदल देणं ही मालकाची जबाबदारी, असं युरोपने १९९० मध्ये ठरवून टाकलं. आपल्या कर्नाटकात २०२४ मध्ये आयटीवाल्यांचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला. संघटना ओरडल्या. आमच्या विभागाला मात्र प्रस्तावाची गरजच पडली नव्हती.

आणि तुमचं ‘बसण्याची योग्य पद्धत’ हे वेबिनार रात्री साडेआठला! दिवसभर ज्या खुर्चीत वाकून बसलो त्याच खुर्चीत आणखी तासभर बसून, पाठ ताठ कशी ठेवावी ते ऐकायचं. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म, प्रत्येक उत्तराला क्लिक. अहो, लाज वाटू द्या थोडी! हात आमचे आहेत, पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांवरच घर चालवायचंय.

हे सगळं तुमच्या विभागातल्या नव्या मुलीला ऐकवायला कॅन्टीनमध्ये गाठलं. ती डाव्या हाताने डोसा तोडत होती. उजव्या मनगटाला पट्टा. चेंडूंचे सगळे मेल तिनेच रात्री बसून पाठवलेले. म्हणाली, “सर, मेरा कीबोर्ड भी रिजेक्ट हुआ.”

तेव्हा तिचा अर्ज माझ्याआधी मंजूर करा. तिला प्रमाणपत्र मागू नका, पट्टा दिसतोच आहे. खर्चाची अडचण असेल तर पुढच्या वर्षीचे चेंडू रद्द करा.

आपला,
तिसरा मजला, खांबामागचा