वीस गुंठे गवत

अमेरिकेत घर घेतल्याचं गावी कळवलं, तेव्हा काकांनी किंमत विचारली नाही. "जागा किती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "अर्धा एकर." फोनच्या पलीकडे आदरानं घेतलेला श्वास ऐकू आला. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, आणि वीस गुंठे म्हणजे दोन सख्ख्या भावांना जन्मभर एकमेकांशी न बोलायला पुरून उरेल इतकी जमीन. "मग काय केलंयस त्यात?" मी सांगितलं, "गवत." "म्हंजे जनावरं हायत." "नाहीत." "मग गवत कशाला?" "कापायला." "कापून?" "कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवायचं. गाडी येते आणि घेऊन जाते." काकांच्या आवाजाला जरा तरतरी आली. "पैशे किती देत्यात?" "ते नाही देत. आपण द्यायचे." यावर इतका वेळ शांतता पसरली की मला वाटलं फोन कटला. मग अगदी हळू, आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाळा, तब्येत बरी हाय ना तुझी?"

या घराला इथे 'रँच' म्हणतात हे मी त्यांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी घोडे विचारले असते. शब्द मूळचा स्पॅनिश, गुराढोरांच्या वाड्यांशी नातं सांगणारा. पण ओहायोतल्या आमच्या उपनगरात अशी चाळीस-पन्नास रँच एका रांगेत उभी आहेत आणि सगळ्यांत मिळून एक गाय नाही. उभी आहेत हेही खरं नाही, आडवी आहेत. एकमजली, बुटकी, लांबच लांब. जेवण जास्त झालेल्या माणसानं कुशीवर कलंडावं तसं हे घर जमिनीवर पडलेलं असतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोमध्ये क्लिफ मे नावाच्या गृहस्थानं ही घरं बांधायला घेतली. त्याच्याकडे वास्तुकलेची पदवी नव्हती, तो आधी लाकडी सामान बनवायचा. लहानपणी आईच्या माहेरच्या कॅलिफोर्नियातल्या जुन्या मातीच्या वाड्यांत तो राहिला होता आणि तो ऐसपैस गारवा त्याच्या मनातून गेला नव्हता. पुढे महायुद्ध संपलं, परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्यानं घरासाठी कर्ज सोपं झालं, आणि कुणा एकाच्या आजोळाची आठवण देशभर रांगेनं बांधली गेली. आमचं घर त्यातलंच, १९५७ सालचं.

आम्हाला ते विकलं एका वृद्ध बाईंनी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कागदांवर सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या, आणि साठ वर्षांहून जुन्या घराबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं: "पाण्याचा मुख्य कॉक उलटा फिरतो." मला वाटलं, बाई आता हुंदका देतील, काहीतरी जपा म्हणतील. पण त्यांनी कॉकचं सांगितलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. सहा महिन्यांनी आमच्या प्लंबरनं तो जगरहाटीप्रमाणे फिरवला आणि स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं, तेव्हा त्या वाक्याची योग्यता कळली.

घर घेतलं की ते आपलंसं करायचं असतं, म्हणजे निम्मं पाडायचं असतं. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत गोरं हसरं जोडपं घणाच्या दोन घावांत असल्या भिंती पाडतं आणि लगेच पाहुण्यांना चीज कापून देतं, हे आम्ही पुष्कळ पाहिलं होतं. कंत्राटदार आला. जुने डॉक्टर छातीवर बोटं वाजवून पाहत तशी त्यानं भिंत वाजवून पाहिली, मग माळ्यावर डोकं घालून आला आणि म्हणाला, ही नुसती भिंत नाही, छपराचा भार हिच्यावर आहे. मला एकदम आमची थोरली काकू आठवली. तीही अशीच घराच्या मधोमध असायची, आणि ती आजारी पडेपर्यंत तिच्यावर काय काय टेकलंय हे कुणाला माहीत नव्हतं. अखेर भिंतीच्या जागी वर एक भलीमोठी तुळई आली, तिचं बिल आलं, आणि घर मोकळं झालं.

त्या संध्याकाळी बायकोनं पहिली फोडणी केली. मोहरी तडतडली, सुकी मिरची पडली, आणि अडथळा म्हणून मध्ये काहीच न उरल्यामुळे तो ठसका थेट निजायच्या खोलीत जाऊन रजईत बसला. धुराचा भोंगा कोकलायला लागला. चुलीवरचा पंखा गरगर फिरत होता खरा, पण त्याला बाहेर जायला नळीच नव्हती. तो खालचा धूर ओढून, थोडा विचार करून, पुन्हा स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर सोडत असे. भोंग्याला आमच्या घरातल्या पाककृती हळूहळू पाठ झाल्या. पोह्याला तो गप्प राहायचा, आमटीला खाकरायचा, ठेच्याला शेजाऱ्यांना बोलवायचा. दोन वर्षांनी आम्ही जिथे भिंत होती बरोबर तिथे एक जाड पडदा लावला. तुळईला लागलेले पैसे आठवले की मी त्या पडद्याकडे बघत नाही.

स्वयंपाकघराच्या लिनोलियमखाली नऊ-नऊ इंचांच्या जुन्या फरशा निघाल्या आणि कंत्राटदार साप दिसल्यासारखा मागे सरकला. त्या काळच्या असल्या फरशांत बहुतेकदा ॲस्बेस्टस असतं. त्याचा सल्ला असा की उकरू नका. जोवर कुणी छेडत नाही तोवर त्या कुणाचं काही बिघडवत नाहीत, वरून नवीन जमीन घाला आणि विसरून जा. आमच्या घराण्यातल्या १९७२च्या वाटणीबद्दल सगळ्यांचं हेच धोरण आहे.

एका उन्हाळ्यात आई राहायला आली. गुडघ्यांमुळे तिला जिना नको होता, आणि जिना नसणं हा तर रँचचा स्वभावधर्म. दोन दिवसांत तिनं घराचं बारसं केलं. पुढचं अंगण, मागचा परस, गॅरेज म्हणजे पडवी. मग ती खराटा मागायला लागली. खराटा कुठून आणायचा? शेवटी पानं ओढायच्या दाताळ्यावर तिनं समाधान मानलं. रोज सकाळी गाडीच्या काँक्रीटच्या वाटेवर पाण्याचा हात फिरवून ती चार ठिपक्यांची का होईना, रांगोळी काढायची. आमचा पोस्टमन नकाशातल्या वाटेनं चालावं तसा नाकासमोर चालणारा माणूस; पहिल्या दिवशी तो रांगोळीपाशी थबकला, आणि तिथून पुढे रोज तिला वळसा घालून गवतातून जायला लागला. आई म्हणाली, "बघ, कुणी शिकवलं नाही त्याला."

परसात अक्रोडाचं एक मोठं झाड आहे, काळ्या अक्रोडाचं. त्याच्या सावलीत आईनं हौसेनं टोमॅटोची सहा रोपं लावली. आठवडाभर बरी होती, मग एकेक करून माना टाकायला लागली. पाणी कमी म्हणून पाणी घातलं, जास्त झालं म्हणून थांबवलं. शेवटी कळलं की या झाडाच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य झिरपतं आणि टोमॅटोच्या जातीला ते मानवत नाही. मी हे समजावून सांगितलं तेव्हा आईनं झाडाकडे नव्या नजरेनं पाहिलं. "म्हणजे सोवळ्यातलं आहे," ती म्हणाली. "आमच्या आत्याबाई अशाच होत्या. सावलीत उभं राहू द्यायच्या नाहीत." त्यानंतर ती त्या झाडापासून चार हात लांबून जायची, पदर सावरून.

गवतात मात्र तिला आपलं माणूस भेटलं. इथल्या हिरवळीत पिवळी डँडेलियन उगवतात आणि सभ्य कुटुंबं त्यांच्यावर विषाचे फवारे मारतात. एका दुपारी मी घरी आलो तर आई ओच्यात त्यांची कोवळी पानं खुडत होती आणि कुंपणापलीकडे शेजारी हातात फवाऱ्याची बाटली घेऊन पुतळ्यासारखा उभा होता. यंदा आपण काही मारलेलं नाही ना, याची मी आधी घाबरून खात्री करून घेतली. रात्री लसूण आणि मूगडाळ घालून भाजी झाली. कडसर, पण मेथीच्या वळणाची. जेवताना मी आईला सांगितलं की ज्याला आपण इतकं जपतो ते केंटकी ब्लूग्रास मूळचं केंटकीचं नाही, युरोपातून आलंय, आणि निळंही नाही. आणि ज्याला उपटतो ते डँडेलियनही तिकडूनच आलंय. आई म्हणाली, "मग एकाला पाणी आणि एकाला विष, असं का?" काकांच्या 'कशाला' नंतर हा दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर मला या परसात सापडलेलं नाही.

संध्याकाळी ती पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची, रस्त्याकडे तोंड करून. गाड्या जायच्या. कधी एखादं कुत्रं आपल्या मालकाला घेऊन जायचं. वीस गुंठ्यांवर उन्हाची तिरीप लोळत असायची. "एवढं मोठं अंगण," ती एकदा म्हणाली, "आणि कुणी 'आहात का घरात' म्हणत नाही." तिच्या त्या वाक्यापासून मी ते गवत वाढू देत नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं कारण वेगळं आहे. ती परत गेल्यावर मी आळस केला, गवत घोट्याच्या वर गेलं, आणि दाराला एक छापील नोटीस लागली. आमच्या उपनगराच्या नियमानं गवत किती इंच वाढावं हे ठरलेलं आहे. दार वाजलं नव्हतं, पण कुणीतरी आलं होतं.

तेव्हापासून दर शनिवारी मी यंत्र ढकलतो. हे यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसानं काढलं. गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव छाटायचं यंत्र त्यानं पाहिलं आणि त्याला जमीन आठवली. लव छाटणं हे वाचल्यापासून माझ्या मनातली गाठ सुटली. मी शेती करत नाही. मी जमिनीची दाढी करतो. दाढीचंही तसंच असतं, पीक काही नाही, पण राहिली की लोक तब्येत विचारतात.

दाढीवरून न्हाणीघर आलं. आमचं न्हाणीघर गुलाबी होतं, टबापासून कमोडपर्यंत. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांना गुलाबी रंग फार प्रिय, म्हणून १९५०च्या दशकात अर्ध्या अमेरिकेनं गुलाबी रंगात आंघोळ केली. ते बदलायचं ठरलं. आरशामागच्या औषधांच्या कपाटात, मागच्या पत्र्यावर, एक बारीक खाच होती. पैसे टाकायच्या गल्ल्याला असते तशी. ती कशासाठी हे मला कधी कळलं नव्हतं. कंत्राटदाराच्या पोऱ्यानं कपाट काढलं, खालची भिंत फोडली, आणि दुसऱ्या क्षणी सळसळत, छोट्या चंदेरी माशांची पाटी उलटावी तशी ब्लेडं बाहेर आली. दाढीची दुधारी ब्लेडं. हजारावर. वापरलेलं ब्लेड खाचेतून भिंतीच्या पोकळीत टाकायचं, अशीच ती सोय होती. भिंत कधी भरेल, ती कोण फोडेल, हा विचार ती सोय करणाऱ्यानं पुढच्यांवर सोडला होता.

पोऱ्या झाडू घेऊन पुढे झाला, मी त्याला थांबवलं. हातमोजे घालून खाली बसलो. आठवड्याला एक धरलं तर वर्षाची बावन्न, म्हणजे पंचवीसेक वर्षांच्या सकाळी माझ्यासमोर ढिगानं पडल्या होत्या. नोकरीवर जातानाच्या, लग्नाला जातानाच्या, बायकोशी अबोला असतानाच्या. ज्याचा मी चेहरा पाहिलेला नाही, ज्यानं बहुधा कॉकही उलटा बसवला, त्या माणसाची हनुवटी मला एकाएकी ओळखीची वाटायला लागली.

आमच्या घरी अशा भिंतीला उपाशी मरावं लागलं असतं. बाबा एक टोपाझ ब्लेड महिनाभर पुरवायचे. धार बोथटली की काचेच्या ग्लासात ब्लेड आडवं धरून आतल्या बाजूला बोटानं दाबत मागेपुढे घासायचे. त्या करकरीनं मला जाग यायची. दाढीतून निवृत्त झालेलं ब्लेड कागदात धरून मधोमध मोडायचं. एक अर्धं आईच्या शिवणयंत्राच्या खणात, उसवायला. दुसरं माझ्या कंपासपेटीत, पेन्सिलीसाठी. गंजलं तरी ते नखं काढायला चालतं असं आजीचं मत होतं. आमच्याकडे ब्लेड संपायचं नाही, हरवायचं.

ढिगातली बरीचशी ब्लेडं गंजून चिकटली होती, पण तळातली काही कोरडी, लखलखीत निघाली. कॉफीच्या रिकाम्या डब्यात ती सगळी भरली; डबा गॅरेजच्या वरच्या फळीवर आहे, त्यावर मी मराठीत 'हात घालू नये' लिहून ठेवलंय, जे इथे आमच्या घराबाहेर कुणाला वाचता येणार नाही. नवं न्हाणीघर पांढरं आहे. नव्या कपाटाला खाच नाही. मी विजेवरच्या यंत्रानं दाढी करतो.

एक ब्लेड मात्र मी बाजूला काढलं, कागदात धरलं आणि बाबा मोडायचे तसं मोडलं. कट्कन दोन सारखे तुकडे झाले. कंत्राटदाराची सुताराची चपटी पेन्सिल ओट्यावर पडली होती, ती घेऊन परसात गेलो आणि तासली. टोक छान येतं.