नृत्यशालेतील पराक्रम : सूत्रधारांस काही सूचना

आपल्या भूमिका-खेळातील मंडळी भुयारामागून भुयारे पालथी घालतात, वीस पैलूंचा फासा टाकून अजगरांचा निःपात करतात, आणि तरीही कथेला काही केल्या रंग भरत नाही, अशी ज्या सूत्रधाराची तक्रार असेल, त्याने त्या साऱ्यांना शस्त्रास्त्रांसह उचलून १८११ ते १८२० या काळातील इंग्लंडात, म्हणजे तिसरा जॉर्ज बुद्धिभ्रंशामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरून त्याच्या वतीने युवराज रीजंट या नात्याने मुखत्यारी करीत होता त्या दिवसांत, नेऊन सोडावे. अजगराच्या जबड्यात हसत शिरणारा वीर दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर कसा पांढराफटक पडतो, हे त्याला तेथे स्वस्थपणे पाहावयास मिळेल.

त्यासाठी नियमपुस्तक बदलण्याचे कारण नाही. पात्राच्या नावापुढे ‘हिट पॉइंट’चा जो आकडा असतो, त्यास यापुढे अब्रू समजावे, म्हणजे झाले. तलवारीची जखम एक घोट औषधाने भरून येते. परंतु एकाच तरुणीसह एकाच रात्री दोनदा नाचून झाल्यावर जो तिसऱ्यांदा हात पुढे करतो, त्याने एक तर वाङ्निश्चय जाहीर करावा, नाही तर गावभर होणारी चर्चा मुकाट्याने सोसावी. तिच्यावर उतारा कोणत्याही वैदूजवळ नाही.

पहिली चकमक ओळखीची ठेवावी. परशुधारी योद्ध्याचा खेळाडू मोठ्या उत्साहाने म्हणेल, “मी त्या निळ्या झग्यातल्या मुलीला नाचायला बोलावतो.” यावर सूत्रधाराने शांतपणे विचारावे, “आपली ओळख कोणी करून दिली?” खेळाडू घाईघाईने फासा टाकील आणि दैवयोगाने वीस पडतील. तरीही विरघळू नये. वीस पडले याचा अर्थ तो त्या मुलीस मनातून आवडला, इतकाच. रीतसर ओळख करून देणारा कोणी भेटेपर्यंत त्याने भिंतीशी उभे राहून मेणबत्त्या न्याहाळाव्यात. बाथच्या सार्वजनिक सभागृहात ही सोय करण्यासाठी एक समारंभाधिकारीच नेमलेला असे. सूत्रधाराने ती भूमिका स्वतःकडे घ्यावी आणि होता होईल तो गैरहजर राहावे.

मंडळी थोडी सरावली, की त्यांना लंडनच्या किंग स्ट्रीटवरील आल्मॅक्समध्ये, बुधवारच्या नृत्याला न्यावे. किंबहुना तेथे जाण्याची आस लावावी, कारण प्रवेश मिळविणे हेच एक स्वतंत्र साहस होय. लेडी जर्सी, काउंटेस लिव्हन आदी आश्रयदात्या स्त्रियांचे मंडळ अर्जांची छाननी करून परवाना देई किंवा नाकारी. आणि या दरबारात निव्वळ संपत्तीची डाळ शिजत नसे. एवढ्या खटाटोपाअंती आत गेलेल्या भाग्यवंताच्या पुढ्यात लोणी लावलेल्या पावाचे पातळ काप, कोरडा केक, चहा आणि लिंबाचे सरबत येई; मद्याचा थेंब नाही. खजिन्याच्या पेटीत केकचा तुकडा सापडल्यावर खेळाडूंची जी मुद्रा होईल, ती सूत्रधाराने मनसोक्त पाहून घ्यावी. कोणी कुरकुर केलीच, तर त्यास वेलिंग्टनची आख्यायिका सांगावी. १८०३ साली आसईच्या रणांगणात शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेलेल्या या सेनापतीस आल्मॅक्सच्या दारातून परत फिरावे लागले असे सांगतात. कोणी म्हणतात, वेळ टळून गेली होती, तर कोणी म्हणतात, गुडघ्यापर्यंतच्या तुमानीऐवजी तो लांब विजार घालून आला होता. शिंद्यांच्या तोफखान्यास जे साधले नाही, ते एका द्वारपालाने साधले.

भेटपत्रे ठेवणे, घटकाभराच्या औपचारिक भेटी, सायंकाळी हाइड पार्कमधील बग्ग्यांची मिरवणूक, हे सारे एका सत्रात उरकावे. रक्ताची तहान अनावरच झाली, तर द्वंद्वयुद्धास अनुमती द्यावी. रीजन्सीपूर्वी दोनच वर्षे, १८०९ साली, कॅसलरे आणि कॅनिंग हे एकाच मंत्रिमंडळातील दोन मंत्री पुटनी हीथवर पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले होते व कॅनिंगच्या मांडीस गोळी लागली होती. मात्र दोन्ही पक्षांच्या मध्यस्थांनी समेटासाठी करावयाच्या वाटाघाटींस अख्खी संध्याकाळ द्यावी आणि गोळीबारास एक मिनिट.

द्रव्यलाभाऐवजी कर्ज वाटावे. जुगारातले देणे तत्काळ फेडणे हा सभ्यतेचा दंडक, तर शिंप्याचे देणे वर्षानुवर्षे थकविण्यास कोणाचीच हरकत नसे. गळपट्ट्याची गाठ कशी असावी हे सबंध लंडनला शिकविणारा ब्यू ब्रमेल १८१६ च्या मे महिन्यात कर्जापायी कॅलेला पळून गेला आणि त्याच महिन्यात क्रिस्टीने त्याचे सामान लिलावात काढले. आपल्या मंडळींस या लिलावास अवश्य हजर ठेवावे. सामानातल्या एका सुंदर तपकिरीच्या डबीत ब्रमेलच्या हातची चिठ्ठी निघाली व युवराजाचे वर्तन नीट असते तर ही डबी त्यालाच मिळणार होती असा तिचा मजकूर होता, अशी कथा आहे. चोराची भूमिका करणारा खेळाडू डबीत सापळा आहे काय हे पाहण्यासाठी फासा मागेल. तो खुशाल टाकू द्यावा, सापळा नाही असेच सांगावे, आणि मग ती चिठ्ठी युवराजाकडे पोचवावी, विकावी, की चुलीत घालावी, यावरून जे भांडण जुंपेल ते उजाडेपर्यंत चालू द्यावे.