विधी महाविद्यालय (पहिले आठवडे सहन करण्याबाबत) नियम

प्रस्तावना

ज्याअर्थी, सीईटी झाली आहे, कॅपच्या फेऱ्यांत कॉलेज मिळाले आहे, फी भरली आहे आणि घरोघर पेढे पोहोचले आहेत, आणि ज्याअर्थी, पेढा तोंडात असतानाच निम्म्या नातेवाइकांनी आपापल्या जमिनीच्या भानगडी सांगायला सुरुवात केली आहे, आणि ज्याअर्थी, उमेदवाराला कलम आणि पोटकलम यांतला फरकही अद्याप ठाऊक नाही, त्याअर्थी, एलएल.बी.च्या पहिल्या वर्षातील नवागतांच्या संरक्षणासाठी पुढील नियम करण्यात येत आहेत.

नियम १. व्याप्ती आणि प्रारंभ

(१) बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा, अशा दोन्ही अभ्यासक्रमांना हे नियम लागू होतील.

(२) प्रवेशाच्या फेऱ्या संपतील त्या दिवसापासून ते अमलात येतील. फेऱ्या कधी संपतील याबाबत हे नियम मौन पाळतात.

स्पष्टीकरण.— वर्ग सुरू झाल्यावरही शेवटच्या फेरीतले विद्यार्थी येत राहतात आणि त्यांच्यासाठी सर 'करार म्हणजे काय' हे पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. पहिल्या फेरीवाल्यांनी यावर नाराज होऊ नये. त्यांनाही ते तेव्हाच समजते.

नियम २. व्याख्या

या नियमांत, संदर्भाने दुसरा अर्थ निघत नसेल तर,—

(क) 'बेअर ॲक्ट' म्हणजे ज्यात फक्त कायदा छापलेला असतो असे पातळ पुस्तक. हे सगळ्यात आधी विकत घेतले जाते आणि सगळ्यात शेवटी उघडले जाते;

(ख) 'नोट्स' म्हणजे कोणी लिहिल्या हे कोणालाच माहीत नसलेल्या, झेरॉक्सची झेरॉक्स काढत इथवर आलेल्या आणि डावीकडची दोन अक्षरे कापली गेलेल्या पानांचा गठ्ठा;

(ग) 'सीनियर' म्हणजे 'पहिल्या सेमिस्टरला काही वाचू नकोस, शेवटच्या आठवड्यात होतं' असे सांगणारी व्यक्ती; यात त्याच विषयाची एटीकेटी असलेली व्यक्तीही येते;

(घ) 'वकीलसाहेब' म्हणजे एकही पुस्तक न उघडलेल्या माणसाला सोसायटीच्या वॉचमनने बहाल केलेली पदवी.

नियम ३. पोशाख आणि स्टिकर

(१) पहिल्या आठवड्यात काळा कोट शिवायला टाकण्याची तीव्र इच्छा होईल. ती दाबावी. कॉलेजच्या गणवेशात कोट असेल तर गोष्ट वेगळी. पण गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन ही वकिलांची वस्त्रे आहेत, स्नेहसंमेलनाची नाहीत. शिवाय सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडले तर उन्हाळ्यात वकिलांनाही काळा कोट सक्तीचा नाही. सूट मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यावरून कोटाची खरी किंमत कळावी.

(२) दुचाकीच्या पुढच्या बाजूला 'ॲडव्होकेट' असे स्टिकर लावू नये. पदवी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढे टप्पे मध्ये आहेत.

परंतु, वडिलांच्या गाडीवर ते स्टिकर काकांनी आधीच लावून टाकले असेल, तर ते काढताना काकांच्या भावना दुखावणार नाहीत अशी वेळ निवडावी.

नियम ४. शेजारी कोण बसावे

(१) तीन वर्षांच्या वर्गात काळ्याभोर केसांपासून पूर्ण टकलापर्यंत सर्व वयाचे विद्यार्थी आढळतील. त्यांत निवृत्त तलाठी, बँकेतल्या मॅडम, खात्यांतर्गत बढतीच्या आशेवर असलेले फौजदार आणि एमपीएससीला कंटाळलेले इंजिनिअर असतील.

(२) नवागताने तलाठीकाकांच्या शेजारची जागा पटकवावी. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन कागद एकत्र, एकात हक्क आणि दुसऱ्यात पिके, हे ते डबा खाता खाता सांगतील. पंचनामा कसा लिहितात हे फौजदारांना विचारावे. कसा लिहू नये हे त्यांना न विचारताही कळेल.

नियम ५. कलम वाचण्याची रीत

(१) कलम तीनदा वाचावे. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा कोणी, काय, कोणाला आणि कधी एवढेच शोधत. तिसऱ्यांदा 'आणि', 'किंवा' व 'परंतु' यांना पेन्सिलीने गोल करत. चार अटी 'आणि'ने जोडल्या असतील तर चारही लागतात, 'किंवा'ने जोडल्या असतील तर एक पुरते. बरेच खटले या दोन शब्दांच्या मधल्या जागेत वर्षानुवर्षे राहतात.

(२) कलमाखालची उदाहरणे वगळू नयेत. अभ्यासक्रमातला सर्वांत करमणुकीचा मजकूर तिथेच आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा घ्या. कलम ५६ च्या उदाहरणात एक गृहस्थ दुसऱ्याला जादूने गुप्तधन शोधून देण्याचे कबूल करतो; करार रद्दबातल. कलम २० मध्ये घोड्याचा सौदा होतो आणि घोडा आधीच मेलेला निघतो, रद्दबातल. कलम ३६ मध्ये 'माझ्या मुलीशी लग्न केलेस तर हजार रुपये देईन' असे ठरते, पण मुलगी तेव्हा हयातच नसते. रद्दबातल, आणि वधूपित्याला याची कल्पना नव्हती का, यावर कायदा अवाक्षर काढत नाही. कलम २५ मध्ये मात्र हजाराचा घोडा दहा रुपयांना विकला जातो आणि करार वैध ठरतो. संमती मोकळेपणाने दिलेली असली की किंमत कमी का, हे कायदा विचारत नाही. ते बायको विचारते.

(३) हा घोडा दीडशे वर्षे हजार रुपयांचाच आहे. महागाई त्याला लागू नाही.

नियम ६. अज्ञान विद्यार्थी आणि कँटीनची उधारी

(१) पाच वर्षांच्या वर्गातले काहीजण पहिले काही महिने अठरा वर्षांच्या आत असतात. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात ठरवले की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. हे ज्या दिवशी शिकवले जाते त्याच दिवशी दुपारी कँटीनची वही फाडून टाकण्याची मागणी होते.

(२) कँटीनवाल्याच्या बाजूने कलम ६८ उभे आहे. अज्ञानाला त्याच्या स्थितीस साजेशा गरजेच्या वस्तू पुरवल्या असतील तर त्याच्या मालमत्तेतून वसुली होऊ शकते. कटिंग चहा ही 'गरज' आहे काय, यावर वर्गात नेहमीच मतभेद राहतील. कँटीनवाल्याचे मत मात्र ठाम असते आणि बटाटवडा त्याच्या ताब्यात असतो.

नियम ७. खटले वाचणे

(१) प्रत्येक निकालातून चार गोष्टी वहीत उतराव्यात : काय घडले, वाद कशाचा, निर्णय काय आणि त्यामागचे तत्त्व कोणते. नवागत पहिली गोष्ट जन्मभर लक्षात ठेवतो आणि चौथी परीक्षेत विसरतो.

उदाहरण.— स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी १९२८ मध्ये एका बाईंनी जिंजर बीअर प्यायली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली असा त्यांचा दावा होता. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की ज्यांच्यावर आपल्या निष्काळजीपणाचा परिणाम होईल अशी वाजवी कल्पना करता येते, त्यांच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य आपल्यावर असते. उत्तरपत्रिकेत गोगलगाईचे वर्णन दीड पान येते आणि कर्तव्य समासात जाते. बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कोर्टात कधी सिद्धही झाले नाही. प्रकरण त्याआधीच तडजोडीने मिटले. तेव्हा तिच्यावर शाई वाया घालवू नये.

(२) आपले उत्पादन वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ अशी जाहिरात करणाऱ्या स्मोक बॉल कंपनीला श्रीमती कार्लिल यांनी १८९२ मध्ये ते शंभर पौंड द्यायला लावले. उलट, मालकाचा हरवलेला पुतण्या शोधून आणणाऱ्या लालमन शुक्लांना १९१३ मध्ये बक्षीस नाकारले गेले, कारण शोध लागला तेव्हा बक्षीस जाहीर झाल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली की प्रस्ताव आणि स्वीकृती एका संध्याकाळी समजतात. जो प्रस्ताव कानावरच आला नाही, तो स्वीकारणार कसा?

(३) केशवानंद भारती प्रकरण पहिल्या आठवड्यात 'मुळातून' वाचायला घेऊ नये. ते १३ न्यायमूर्तींनी ६८ दिवस ऐकले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा मतांनी निकाल दिला. तो निकाल शेकडो पानांचा आहे. 'एआयआर १९७३ एससी १४६१' यातला शेवटचा आकडा पानाचा असतो, एवढे कळले तरी पहिल्या आठवड्यापुरते पुरे.

नियम ८. लॅटिन

(१) दुसऱ्या आठवड्यात लॅटिनचा ताप येतो. तो घरी आणू नये.

उदाहरण.— इंग्लंडमध्ये १४१० साली एका शाळेसमोर दुसरी शाळा निघाली आणि पहिलीची फी ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आली. नुकसान झाले, पण कायदेशीर हक्काचा भंग झाला नाही, म्हणून दावा फेटाळला. याला 'डॅम्नम साइन इंजुरिया' म्हणतात. शेजारच्या वहिनींच्या शिकवणीसमोर नवा क्लास निघाला असता त्यांना हे लॅटिनमध्ये ऐकवणे म्हणजे संकष्टीच्या मोदकांना कायमचे मुकणे होय.

(२) आईने 'पास झालास तर फोन घेऊन देईन' म्हटले, तर बाल्फोर विरुद्ध बाल्फोर (१९१९) आधी वाचावे. परदेशी नोकरीला असलेल्या नवऱ्याने बायकोला दरमहा तीस पौंड देण्याचे कबूल केले होते. घरगुती आश्वासनामागे कायदेशीर बंधनाचा हेतू नसतो, असे कोर्टाने म्हटले. आईला हा निकाल न शिकता येतो.

नियम ९. दोन-दोन आकडे

(१) १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८ झाली. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३(१) मध्ये गेली आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८(४) झाले आहे. गल्लीतल्या लबाडाला मात्र अजून कोणी 'तीनशे अठराचं पोटकलम चार' म्हणत नाही.

(२) त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते. म्हणून दोन्ही आकडे पाठ करावेत आणि सीनियरकडून स्वस्तात मिळालेले जुने पुस्तक कोणत्या वर्षीचे आहे, हे पैसे देण्याआधी पाहावे.

नियम १०. हजेरी

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांगितली आहे. मित्राची हजेरी आपण लावू नये. ज्या इमारतीत तोतयेगिरीचे कलम शिकवतात तिथेच ती करणे शोभत नाही.

नियम ११. मोफत सल्ला

(१) शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे सांगत आलेले सर्व नातेवाईक आता तुमच्या घराची पायरी चढतील. बांध कोरणारा शेजारी, भाडे न देणारा भाडेकरू, सोसायटीतले पार्किंग आणि आत्याचा हिस्सा हे चार विषय दिवाळीपर्यंत पुरतात.

(२) सनद नसताना वकिली करणे हा १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. घरगुती गप्पांना ते कलम लागत नाही. तरी नवागताने त्याचा आधार अवश्य घ्यावा. मामा गप्प होतात.

(३) मामा गप्प न झाल्यास एकच प्रश्न विचारावा : 'कागद काय काय आहेत?' सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन आपली, असे मामा म्हणतील. नुसत्या महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, असे न्यायालये पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार मागावेत. त्यातले निम्मे मामांकडे नसतात आणि उरलेले त्यांनी वाचलेले नसतात. कागद पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही सवय पहिल्या सेमिस्टरमध्ये लागली तर बाकीचा अभ्यासक्रम हा तपशील आहे.

नियम १२. निरसन आणि व्यावृत्ती

(१) सिनेमे आणि मालिका यांतून मिळालेले सर्व कायदेशीर ज्ञान याद्वारे निरसित करण्यात येत आहे. हातोडा आपटत 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडणारे न्यायाधीश त्यात गेले. गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथही गेली. १९६९ च्या शपथ अधिनियमातल्या नमुन्यात ईश्वराच्या नावाने शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आहे, ग्रंथ नाही. शेवटच्या क्षणी दार ढकलून येणारा साक्षीदारही गेला; साक्षीदारांची यादी आधी द्यावी लागते.

(२) असे निरसन झाले तरी, प्रवेशापूर्वी लागलेली वाचनाची सवय आणि 'मला हे समजले नाही' असे भर वर्गात म्हणण्याचे धाडस या दोन्ही गोष्टी अबाधित राहतील. वर्गातल्या निम्म्या लोकांना तेच विचारायचे असते.

(३) हे नियम आणि मूळ कलम यांत विरोध आढळल्यास कलम खरे मानावे. नोट्स, सीनियर आणि हा लेख यांच्याबाबतीतही तसेच. आणि कलम कुठे सापडेल, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्याआधी कृपया बेअर ॲक्टची अनुक्रमणिका पाहावी.