एबी फॉर्म नसलेलं घड्याळ

बारामतीत घड्याळ कुठे नाही ते सांगा. भिंतीवर आहे, बॅनरवर आहे, उपरण्यावर आहे, जीपच्या मागच्या काचेवर आहे. १९९९ पासून लोक त्याच्यासाठी बोटाला शाई लावून घेत आलेत. इंदापुरातही तेच. एवढं घड्याळप्रेम असलेल्या मुलखात चावीचं चांगलं घड्याळ विकणारं आणि बिघडलं तर तिथल्या तिथे उघडून बघणारं दुकान मात्र सहजी नजरेला पडत नाही.

राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावरच्या या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. घड्याळांच्या जाहिरातींतही काटे तिथेच उभे करतात, म्हणजे दोन काट्यांच्या मधोमध कंपनीचं नाव ठळक दिसतं. चिन्ह काढणाऱ्याला वेळ कळो न कळो, जाहिरात नक्की कळत होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं घड्याळ पक्षाच्या एका गटाला दिलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. सर्वोच्च न्यायालयानं घड्याळवाल्यांना बजावलं, चिन्हाचा मामला न्यायप्रविष्ट आहे, तशी जाहीर सूचना वर्तमानपत्रांत छापा. मालकीचा वाद चालू असल्याची सूचना सोबत घेऊन बाजारात आलेलं दुसरं घड्याळ दाखवा, बक्षीस देतो. पुढे लोकसभेला बारामतीत तुतारीनं घड्याळाला दीड लाखाहून जास्त मतांनी मागे टाकलं. नोव्हेंबरात विधानसभेला बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडे घड्याळ पुन्हा चालू झालं. चावीच्या घड्याळात बॅलन्स नावाचं चाक असतं, तेही असंच एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुकतं. फरक इतकाच, की त्याचे सेकंदाला पाच झोके होतात आणि त्यातून निदान वेळ कळते.

तर अशा मुलखात कुणी यांत्रिक घड्याळांचं स्वतंत्र दुकान काढायचं म्हटलं तर? स्वतंत्र म्हणजे कुठल्याही बड्या कंपनीचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, खिशात नसलेलं. इथे अपक्षाचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी उमेदवारीचा हिशेब मांडून बघू.

पैसा नाही म्हणून दुकान चालणार नाही, असं म्हणणाऱ्यानं बारामतीची एमआयडीसी पाहिलेली नाही. पियाजिओच्या रिक्षा इथून बाहेर पडतात, फेरेरोची चॉकलेटं इथे बनतात. इटलीच्या दोन कंपन्यांना बारामतीचा पत्ता सापडला, स्वित्झर्लंडला तेवढा अजून सापडायचाय. शिवाय ऊस आहे. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा. गाळपाला गेलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे आणि तो १९६६ पासून आहे. राज्यात दर हंगामात त्यावरून ओरड होते, म्हणजे कायदा जिवंत आहे असं धरून चालू.

ते पैसे हातात आले की पाय सराफाकडे वळतात, आणि त्यात वावगं काही नाही. सोनं घेऊन पतसंस्थेत गेलं की चहा संपेपर्यंत कर्ज मंजूर होतं. लाखाचं घड्याळ घेऊन गेलात तर मॅनेजर फक्त किती वाजले ते विचारील. सोन्याची अंगठी बायकोला कळते, सासूला कळते, चोरालाही कळते. घड्याळाची किंमत समजायला समोरच्यालाही घड्याळातलं कळावं लागतं, आणि असा माणूस लग्नाच्या मांडवात शोधायचा कुठे? म्हणून मग पोरं फर्स्ट कॉपी घालतात. मनगटावरचा मुकुट खरा की खोटा, हे गाडीच्या बॉनेटवर हात टेकून काढलेल्या फोटोत कुठे दिसतं?

समजा, एखादा शेठ खरंच काउंटरपाशी आला. घड्याळ हातात घेऊन कानाला लावलं, उलटंपालटं केलं.

“किती दिवस चालतं?”

“मनगटावर आहे तोवर चालतं. काढून ठेवलं तर चाळीसेक तास.”

“आन् मग?”

“मग चावी द्यायची.”

“म्हंजे एवढं पैसं मोजायचं आन् वर रोज कामालाबी लागायचं? त्यापरास सेल बसवा की यात.”

शेठचं काही चुकलं नाही. क्रोनोमीटर म्हणून स्वित्झर्लंडमधून प्रमाणपत्र घेऊन आलेलं यांत्रिक मशीनसुद्धा दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे चाललं तरी पास असतं. साधं सेलचं घड्याळ तेवढं चुकायला आठवडा लावतं, आणि खिशातला मोबाइल तर चुकतच नाही. म्हणजे दुकानदारानं विकायचं काय, तर जास्त पैसे घेऊन कमी अचूक वेळ. हा धंदा करायला जीभ तरी फार गोड हवी, नाहीतर जीव तरी त्या मशीनमध्ये अडकलेला हवा.

त्यातून इथली हवा. बॅलन्सला इकडून तिकडे झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती चुंबकाच्या तडाख्यात सापडली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळतं, रोज काही मिनिटं पुढे पळतं. मोठ्या स्पीकरच्या पाठीला चांगला दणकट चुंबक असतो. डीजेच्या भिंतीला टेकून रात्रभर नाचलेल्या नवरदेवाचं घड्याळ सकाळी पुढे गेलेलं असेल, तर त्यात घड्याळाचा काय दोष? माणसं काय कमी उधळलेली असतात?

पुण्याचे लोक यावर लगेच म्हणतील, अहो, तिकडे वेळेची किंमत कुणाला आहे? अकराचा कार्यक्रम पाहुण्यांची गाडी आली की सुरू. पुण्याच्या लोकांनी एकदा नीरा डाव्या कालव्यावर यावं. पाण्याची पाळी रात्री तीनला असली तर माणूस अडीचला दारं धरायला हजर असतो, आणि शेजाऱ्यानं पाच मिनिटं जास्त पाणी घेतलं तर त्या पाच मिनिटांचा वाद दोन पिढ्या पुरतो. शेतीची लाइट मध्यरात्री येणार असेल तर त्याआधी बॅटरी घेऊन मोटारीपाशी कोण उभं असतं? सभेत दोन तास उशिरा येणारा पाहुणा आणि पाण्यावर दहा मिनिटं आधी जाणारा शेतकरी, दोघंही याच गावचे. वेळेची किंमत इथे चोख कळते, फक्त ती कुणासाठी मोजायची हे माणूस ठरवतो.

आता तेही काम यंत्रानं उचललं. ऑटो स्टार्टर आला आणि मोटार आपोआप चालू होऊ लागली. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं तर मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला सोबत घेऊन उसाला पाणी कधी द्यायचं हे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारायला सुरुवात केली. तेव्हा वेळ पाहण्यासाठी कुणी यांत्रिक घड्याळ घेईल, ही आशा सोडा. ते घेईल तो मशीन आवडणारा माणूस. आणि इथेच आपल्या होतकरू दुकानदाराची मोठी चूक होते. तो फॉर्च्युनरकडे डोळे लावून बसतो.

या तालुक्यांत मशीन आवडणारी माणसं ढिगानं आहेत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह बसलाय ते सांगणारा मिस्त्री गावोगाव सापडतो. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंदांनी जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही उद्योगांना हात घातला, घड्याळ तेवढं राहून गेलं. त्यांच्या नावाच्या गावातल्या कारखान्यानं साखर कारखान्यांचे आणि सिमेंट कारखान्यांचे अजस्र गिअरबॉक्स बनवले, इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग बनवली. ज्या तालुक्यातून गिअर ट्रकवर लादून बाहेर जातो, तिथे नखावर मावणारा गिअर बसवून घ्यायला पुण्याची एसटी धरावी लागते. अवकाशात पोचलो, मनगटापर्यंत पोचायचं राहिलं.

एके काळी पोचलोही होतो. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळूरुत घड्याळं काढायला घेतली आणि जनता, पायलट, जवान, कांचन ही नावं घराघरांत शिरली. दहावी पास झालेल्या पोराला एचएमटी, जावयाला एचएमटी, आणि ती नाही मिळाली तर रुसलेला जावईही एचएमटीसाठीच. १७ ज्वेलची जनता सकाळी चहाआधी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत मालकाचं तोंड बघत नसे. मग टाटांच्या टायटननं होसूरहून सेलची घड्याळं आणली, लोकांचा चावी देणारा अंगठा मोकळा झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायला मंजुरी दिली. मोकळा झालेला तो अंगठा आता दिवसभर रील सरकवतो.

पण घड्याळं कुठे गेली? गेली नाहीत. ट्रंकेत आहेत, कपाटात लग्नाच्या शालूखाली आहेत, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत आहेत. बंद आहेत म्हणजे मेलीत असंही नाही. बहुतेकांचं तेल तेवढं वाळून घट्ट झालंय. मशीन सोडवायचं, पेट्रोलमध्ये धुवायचं, ज्वेलवर सुईच्या टोकाएवढा तेलाचा थेंब सोडायचा, परत जुळवायचं आणि बॅलन्सचा ठोका ऐकायचा. ठोका मोजणारं ॲप आता मोबाइलवर मिळतं. ज्यानं धंदा बुडवला, त्यालाच नाडी धरायला बसवायचं, यासारखं समाधान नाही.

अडचण आहे ती हाताची. एसटी स्टँडजवळ काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी पूर्वी हमखास दिसायचा. आता तशाच टेबलांवर मोबाइलला टेम्पर्ड ग्लास बसवतात. सेल बदलायला दोन मिनिटं लागतात, सर्व्हिसिंगला अर्धा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “नुसतं त्याल तर टाकायचंय, त्याचं एवढं?” घड्याळजीच्या पोरानं हे बघितलं आणि तो कंपनीत लागला. त्याला दोष कोण देणार?

सुट्या भागांचं आणखी निराळं. बड्या स्विस कंपन्या आपले भाग बाहेरच्या कारागिराला सहसा देत नाहीत. दुरुस्ती करायची तर आमच्याकडेच या, थांबा आणि आम्ही म्हणू ते द्या. पक्षश्रेष्ठींनी अपक्षाला मतदारयादीसुद्धा मिळू द्यायची नाही, तसलाच प्रकार. एचएमटीचे भाग मिळतात, पण जुन्या घड्याळांची मोडतोड करूनच. त्या मोडतोडीतून ‘मुंबई स्पेशल’ नावाची एक जातही निघाली. आतलं मशीन कुठलं तरी जुनं, वर नवी रंगवलेली डायल, बाहेर झकपक पॉलिश. परदेशातले हौशी लोक इंटरनेटवर ते अस्सल समजून घेतात आणि मग आपल्या नावानं बोटं मोडतात. आत जुनाच माल ठेवून वरचा रंग बदलायची कला फक्त मुंबईत आहे, असं मात्र त्यांनी समजू नये. आमच्याकडे दर पाच वर्षांनी त्याचं प्रदर्शन भरतं.

आता युरोपातल्या चार देशांशी, म्हणजे स्वित्झर्लंडसह एफ्टा गटाशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर येणार आहे. लगेच कुणीतरी म्हणेल, आता बारामतीतही शोरूम काढू. काढा की! पण स्वस्त झालेल्या मालाचा फायदा एबी फॉर्मवाल्यांना होतो. त्यांच्या दुकानात गार हवा असते, गालिचा असतो, ‘सर, कॉफी?’ असतं, फक्त घड्याळाचं मागचं झाकण उघडणारं कुणी नसतं. बिघडलेलं घड्याळ पार्सलनं दुसऱ्या शहरात जातं आणि आठवड्यांनी परत येतं. तोवर सर कॉफी पीत बसतात.

अपक्षाला जिंकायचं असेल तर तिथेच. विकायला कुणीही विकतो, झाकण उघडून दाखवणारा हवा. दुकानाच्या दर्शनी भागात शोकेस नको, कामाचं टेबल हवं आणि त्यावर भरपूर उजेड हवा. वालचंदनगरचा निवृत्त फिटर आत डोकावून म्हणाला पाहिजे, “हे दात कशावर कापले हो?” तो आज आजोबांची जनता चालू करून नेईल. ती मनगटावर टिकटिकली की दोन-तीन वर्षांत दुसरं घड्याळ घ्यायला तोच येईल, आणि येताना चार मिस्त्री घेऊन येईल. हे गिऱ्हाईक डायलवरचं नाव नंतर वाचतं, आधी झाकण उघडायला सांगतं. त्याला फर्स्ट कॉपी खपवता येत नाही, आणि खऱ्या घड्याळाला चावी द्यावी लागते म्हणून ते तक्रारही करत नाही. ट्रॅक्टरला डिझेल घालावं लागतं म्हणून कधी कुणी रडलंय?

पथ्यं मात्र पाळावी लागतील. मुंबई स्पेशल आलं तर तोंडावर सांगायचं, बाबा रे, ही डायल रंगवलेली आहे. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. उद्घाटनाला पुढारी बोलवायचा नाही, कारण पाटीवर सकाळी दहाची वेळ लिहिली असेल तर दुकान दहालाच उघडलं पाहिजे. भिंतीवर घड्याळ टांगायलाही हरकत नाही, पण ते चालू असावं, नाहीतर लोक दुकानाला पक्षाचं कार्यालय समजून उमेदवारी मागायला येतील. आणि कुणी उधारी मागितलीच, तर नाही म्हणू नका. सरळ १४ दिवसांची द्या. ती मुदत या दोन्ही तालुक्यांत लहान पोराला तोंडपाठ आहे. ती पाळणारं गिऱ्हाईक भेटलं, तर त्याचं नाव साखर आयुक्तांना जरूर कळवा.